व्यायामशाळा आणि वैद्यकशाळा : वैद्यकाच्या विद्यार्थ्यांचा व्यायाम व रुग्णोपदेश यांचा इतिहास

१. विषयप्रवेश

जळगाव शहराला लागून असलेले पिंप्राळा हे गाव आता महानगरपालिकेच्या हद्दीत सामावले आहे. आषाढी एकादशीस तेथे रथ निघतो. दोर ओढणारांची संख्या मोठी असते. परंतु चाकाखाली मोगरी लावून रथाची गती व दिशा सांभाळणारे थोडेच असतात, आणि ते काम ज्याने पूर्वी केले आहे त्यालाच साधते. खानदेशच्या समाजाला अंगमेहनतीचा परिचय नाही असे कोणी म्हणणार नाही. शेती, हमाली, कुस्ती, रथोत्सव या सर्वांतून शरीराचा कस येथे पिढ्यानुपिढ्या लागत आला आहे. असे असूनही याच परिसरातील मधुमेहाचा अथवा रक्तदाबाचा रुग्ण दवाखान्यात गेला, तर व्यायामासंबंधी त्यास मिळणारा उपदेश बहुधा एका वाक्यात आटोपतो. ‘रोज थोडे चालत जा’ एवढे सांगून डॉक्टर पुढील रुग्णाकडे वळतात. किती चालावे, केव्हा चालावे, कोणी चालू नये, दिवसभर शेतात राबणाऱ्याने काय करावे, हे प्रश्न तसेच राहतात.

हा दोष एका डॉक्टराचा नव्हे. तो सर्वत्र आढळतो, आणि जे सर्वत्र आढळते त्याची कारणे व्यक्तीच्या स्वभावात न शोधता शिक्षणाच्या घडणीत शोधावी लागतात. प्रस्तुत निबंधाचा विषय हाच आहे. वैद्यकाचा विद्यार्थी स्वतः व्यायाम करतो की नाही, आणि पुढे रुग्णास व्यायामाचा उपदेश करणे हे तो आपले कर्तव्य मानतो की नाही, हे दोन प्रश्न वरकरणी भिन्न दिसतात. परंतु त्यांचा इतिहास एकच आहे. महाराष्ट्रात व्यायामशाळा आणि वैद्यकशाळा यांची वाढ एकाच काळात, पुष्कळदा एकाच शहरात झाली. तथापि दोहींमध्ये देवघेव फारशी झाली नाही. हा दुरावा कसा पडला, तो भरून काढण्याचा एक लक्षणीय प्रयत्न खानदेशाशी निगडित असलेल्या एका विद्वानाने कसा केला, आणि आजच्या विद्यार्थ्यास त्यापासून काय घेता येईल, याचा विचार पुढे केला आहे.

२. वैद्याचे कर्तव्य म्हणून व्यायाम

प्राचीन वैद्यकग्रंथांत व्यायाम हा आनुषंगिक विषय नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात त्याची व्याख्या, त्याचे लाभ आणि अतिरेकामुळे होणारे विकार यांचे विवेचन आले आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात दिनचर्येच्या प्रकरणात व्यायामाचे प्रमाण सांगितले असून ते माणसाच्या बलाच्या निम्मे असावे असा दंडक घातला आहे. हे ‘अर्ध बल’ कसे ओळखावे, याचेही उत्तर तेथे आहे. श्वासोच्छ्वास मुखावाटे होऊ लागणे हे त्याचे मुख्य लक्षण होय. कपाळी घाम येणे, तोंडास कोरड पडणे ही इतर लक्षणे परंपरेने सांगितली आहेत. आधुनिक तज्ज्ञही रुग्णास सांगतात की चालताना बोलता यावे परंतु गाता येऊ नये, इतपत वेग ठेवावा. दोन्ही कसोट्यांचे तत्त्व एकच आहे. मोजण्याचे साधन रुग्णाच्या श्वासातच आहे.

व्यायाम कोणी करावा, याबरोबरच कोणी करू नये याचाही विचार या ग्रंथांनी केला आहे. रक्तपित्त, श्वास, कास इत्यादी विकारांनी ग्रस्त असलेल्यांस, क्षीण झालेल्यांस व नुकतेच भोजन केलेल्यांस त्यांनी निषेध सांगितला. वाग्भटाने ऋतूचाही विचार केला. थंडीच्या दिवसांत व वसंतात अर्धशक्ती व्यायाम करावा, अन्य ऋतूंत तो मंद असावा, असे त्याचे मत आहे. सारांश, मात्रा, काल, अपवाद आणि पात्रता या औषधाच्या चारही बाजू व्यायामाला लावलेल्या आहेत.

यांपैकी सर्वांत लक्षणीय स्थळ सुश्रुताच्या प्रमेहचिकित्सेत आढळते. तेथे रुग्णाच्या सांपत्तिक स्थितीनुसार उपदेश बदललेला आहे. निर्धन व निराधार रुग्णाने छत्र व पादत्राण न घेता, भिक्षेवर निर्वाह करीत, एका गावी एकच रात्र राहून शंभर योजने वा त्याहूनही अधिक प्रवास करावा. धनिकाने साध्या धान्यांवर राहून वन्य जीवन पत्करावे. शेती करावी वा विहीर खणावी, असेही पर्याय तेथे सांगितले आहेत. हा उपदेश आज जसाच्या तसा कोणी देणार नाही. मधुमेही रुग्णास अनवाणी चालण्यास सांगणे आजच्या ज्ञानाप्रमाणे धोक्याचेच ठरेल. परंतु त्यामागील पद्धती विचारार्ह आहे. रुग्ण कोण आहे, काय करतो आणि त्यास काय करणे शक्य आहे, हे पाहिल्यावाचून उपदेश पुरा होत नाही, हे त्या ग्रंथकाराने जाणले होते.

येथे एक सावधगिरी राखली पाहिजे. ग्रंथात असणे म्हणजे व्यवहारात असणे नव्हे. अर्धशक्ती व्यायामाचा विधी वाग्भटाने बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यांसाठी सांगितला आहे. म्हणजे दिनचर्येचा हा आदर्श मुख्यतः सुस्थित पुरुषापुढे ठेवलेला होता. म्हणून प्राचीन काळी सर्व काही ठीक होते व पुढे ते बिघडले, अशी मांडणी आम्हांस अभिप्रेत नाही. व्यायाम हा वैद्याच्या अभ्यासाचा विषय होता, एवढेच येथे सिद्ध करावयाचे आहे.

३. तालमीची परंपरा

महाराष्ट्रात व्यायामाची प्रत्यक्ष जोपासना वैद्यांपेक्षा तालमींनी केली. ‘तालीम’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ शिक्षण असा आहे. मराठीने तो शरीराच्या शिक्षणाच्या जागेला लावला, ही गोष्ट बोलकी आहे. समर्थ संप्रदायातील मारुतीची उपासना व बलोपासना यांचा या परंपरेवर ठसा आहे. त्या संप्रदायाच्या वाङ्मयाचा शोध घेण्याचे मोठे कार्य पुढे खानदेशातच, धुळे येथे १८९३ मध्ये स्थापन झालेल्या सत्कार्योत्तेजक सभेच्या आश्रयाने, शंकर श्रीकृष्ण देव यांनी केले. उत्तर पेशवाईत दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभट्टदादा देवधरांनी मल्लखांबाची विद्या वाढविली. पुढे पुण्यात लहूजी साळवे यांच्या तालमीने निरनिराळ्या जातींच्या तरुणांना शरीरशिक्षण दिले.

या परंपरेतील वस्ताद हा केवळ कुस्ती शिकवीत नसे. शिष्याचा आहार, निद्रा, ब्रह्मचर्य, मर्दन, दुखापतीवरील उपचार या सर्वांवर त्याची नजर असे. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रा. माणिकराव हे अस्थिसंधींच्या उपचारासाठीही ख्यातनाम होते. वैद्यकाचा एक भाग अशा रीतीने तालमीत जिवंत राहिला. परंतु तो लिखित शास्त्राच्या व विद्यालयाच्या बाहेर राहिला.

विद्यार्थिदशा आणि व्यायाम यांचा संबंध सांगताना लोकमान्य टिळकांचे उदाहरण सर्वपरिचित आहे. डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष त्यांनी शरीर कमावण्यात घालविले व परीक्षेवर त्याचा परिणाम झाला, हे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. या कथेचे तात्पर्य सामान्यतः त्यांच्या निर्धाराविषयी काढले जाते. आमच्या दृष्टीने तिचा दुसरा अर्थही महत्त्वाचा आहे. नव्या महाविद्यालयात व्यायाम आणि परीक्षा यांत निवड करावी लागत होती. एकाला वेळ दिला तर दुसऱ्याची हानी होत होती. टिळकांना हे परवडले, कारण त्यांनी ते जाणूनबुजून स्वीकारले. सामान्य विद्यार्थ्याने परीक्षेचीच निवड केली.

४. वैद्यकशाळेची घडण

पाश्चात्त्य वैद्यकाचे पद्धतशीर शिक्षण मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजाच्या स्थापनेने १८४५ मध्ये सुरू झाले. भाऊ दाजी लाड हे तेथील पहिल्या पदवीधरांपैकी होत. पुण्यात बैरामजी जीजीभाई वैद्यकीय शाळा १८७८ मध्ये निघाली व १९४६ मध्ये तिचे महाविद्यालय झाले. मुंबईत टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय १९२१ मध्ये आणि राजे एडवर्ड स्मारक रुग्णालयासह शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ मध्ये सुरू झाले.

या संस्थांनी शवविच्छेदन, रोगनिदान, शस्त्रक्रिया आणि साथींचे नियंत्रण यांत जे कार्य केले त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. प्लेग, पटकी व देवी यांनी माणसे मरत असताना व्यायामाचा उपदेश हा शिक्षणाचा अग्रविषय झाला नाही, यात नवल नाही. त्या काळच्या वैद्यकापुढील मुख्य शत्रू जंतू होता. शिवाय नव्या विद्यालयाचे लक्ष रुग्णशय्येवर केंद्रित होते. जो शय्येवर पडला तो अभ्यासाचा विषय. जो हिंडतोफिरतो तो नव्हे. व्यायामाचा उपदेश ज्याला लागू पडतो तो माणूस बहुधा दुसऱ्या वर्गातील होता.

व्यायामाला या विद्यालयांत स्थान मिळाले ते जिमखान्याच्या रूपाने. हा शब्द हिंदुस्थानातच घडलेला आहे. क्रिकेट, टेनिस, हॉकी यांचे सामने, चषक आणि वार्षिक संमेलन ही जिमखान्याची अंगे. त्यातून उत्तम खेळाडू व निकोप मैत्री निर्माण झाली. परंतु जिमखाना आणि रुग्णालय या दोन इमारतींमधील अंतर केवळ पावलांचे नव्हते. खेळणारा विद्यार्थी आपल्या नाडीचे, श्वासाचे व थकव्याचे निरीक्षण करून ते शरीरक्रियाशास्त्राच्या वर्गात मांडत नसे, आणि वर्गात शिकलेले रुग्णाच्या चालण्याफिरण्याला लावण्याचा प्रघात नव्हता. व्यायाम हा विद्यार्थ्याचा छंद ठरला. तो त्याच्या विद्येचा भाग झाला नाही.

तालमीचा वारसा मुख्यतः पुरुषांचा होता, हेही येथेच नमूद केले पाहिजे. ग्रँट मेडिकल कॉलेजात स्त्रियांना १८८३ मध्ये प्रवेश मिळू लागला. आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियाहून १८८६ मध्ये पदवी घेतली. स्त्रियांनी वैद्यकाचे दार मोठ्या कष्टाने उघडले, परंतु व्यायामशाळेचे दार त्यांच्यासाठी बराच काळ अर्धवटच उघडे होते. आज वैद्यकीय महाविद्यालयांत विद्यार्थिनींची संख्या मोठी असताना, विद्यार्थ्यांच्या व्यायामसवयींचा विचार करताना हा वारसा विसरून चालणार नाही.

५. राष्ट्रासाठी व्यायाम

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रात व्यायामाची मोठी चळवळ उभी राहिली. अमरावतीस अंबादासपंत व अनंतराव वैद्य या बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायामशाळा काढली. तिच्यातून वाढलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. पुण्यात शिवरामपंत दामले यांनी १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळ स्थापिले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार स्वतःच्या नित्य आचरणाने, शाळांतून व ग्रंथांद्वारे केला. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. ही सर्व कार्ये चालू असतानाच वर उल्लेखिलेली वैद्यकीय महाविद्यालये मुंबईत नावारूपाला येत होती. दोन्ही प्रवाह शेजारून वाहिले.

या चळवळीत डॉक्टर नव्हते असे मात्र नाही. नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलचे संस्थापक डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे हे ग्रँट मेडिकल कॉलेजाचे पदवीधर होते. हिंदुस्थानी सेवादलाचे डॉ. ना. सु. हर्डीकर आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांनीही वैद्यकाचे शिक्षण घेतलेले होते. यांच्या राजकीय विचारांतील भेद येथे प्रस्तुत नाहीत. तिघांनीही शरीरशिक्षणास महत्त्व दिले. परंतु ते तरुणांच्या संघटनेसाठी, कवायतीसाठी व राष्ट्राच्या बलासाठी. डॉक्टर म्हणून रुग्णास जे द्यावयाचे त्यात व्यायामाची गणना व्हावी, असा हा प्रयत्न नव्हता. व्यायामाची आवड असलेला डॉक्टर दवाखान्यातून मैदानावर गेला. मैदान दवाखान्यात आले नाही. ज्याला रोग नाही त्या तरुणाला व्यायाम मिळाला, आणि ज्याला रोग आहे त्या प्रौढाला औषध मिळाले.

६. अमळनेरचा धागा

या दोन प्रवाहांना जोडण्याचा जो सर्वांत महत्त्वाचा प्रयत्न झाला त्याचा कर्ता काही वर्षे खानदेशात होता. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच पुढील काळचे स्वामी कुवलयानंद, यांचा जन्म १८८३ मध्ये डभई येथे झाला. प्रा. माणिकरावांपाशी त्यांनी शारीरिक शिक्षण घेतले. १९१९ मध्ये मालसर येथे परमहंस माधवदास यांच्याकडे त्यांनी योगाचे शिक्षण घेतले. या काळात ते अमळनेर येथे खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शिक्षणकार्यात होते व असहकारितेच्या पर्वात तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. प्रताप शेठ यांच्या औदार्याने तत्त्वज्ञानाची संस्था उभी राहिलेले हे अमळनेर त्या वेळी एका तालुक्याच्या गावाहून बरेच मोठे असे विद्याक्षेत्र होते.

कुवलयानंदांचे वैशिष्ट्य असे की, योगाच्या क्रियांविषयीचे पारंपरिक दावे त्यांनी प्रयोगाच्या कसोटीवर लावले. उड्डियान व नौली या क्रियांच्या वेळी शरीरात काय घडते हे पाहण्यासाठी त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांचे व दाबमापनाचे साहाय्य घेतले. १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधामाची स्थापना झाली व त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक निघाले. त्यात प्रयोगांचे अहवाल, आसनांची कृती व उपचारविषयक विवेचन एकत्र येऊ लागले. १९३७ मध्ये मुंबई सरकारने शारीरिक शिक्षणाविषयी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. त्यानंतर १९३८ मध्ये कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षणसंस्था सुरू झाली.

त्यांच्या कार्याचे मर्म दोन गोष्टींत सांगता येईल. व्यायामाची क्रिया, तिची मात्रा व तिचा परिणाम यांचा संबंध प्रयोगाने ठरवावा, ही पहिली. उपदेशकाने ती क्रिया प्रथम स्वतःच्या शरीरावर करून पाहावी, ही दुसरी. मात्र त्यांच्या यशातच एक मर्यादाही दिसते. सरकारने शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करण्याची व्यवस्था केली. डॉक्टर तयार करणाऱ्या अभ्यासक्रमात त्या शिक्षणास तसे स्थान मिळाले नाही. शाळेतल्या मुलाला व्यायामशिक्षक लाभला. वैद्यकाचा विद्यार्थी होता तेथेच राहिला.

७. स्वातंत्र्योत्तर काळ

भोर समितीने १९४६ च्या आपल्या अहवालात प्रतिबंधक वैद्यकावर भर देऊन समाजाभिमुख डॉक्टराची कल्पना मांडली. त्यानंतर वैद्यकीय महाविद्यालयांत प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे विभाग उभे राहिले. परंतु या विभागांचे लक्षही स्वाभाविकपणे क्षय, हिवताप, कुपोषण, पाणीपुरवठा व कुटुंबनियोजन यांकडे होते. याच सुमारास पोलिओच्या रुग्णांच्या निमित्ताने मुंबईत भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले. ही मोलाची भर होती. पण तिचा एक अनपेक्षित परिणाम झाला. ‘व्यायाम सांगणे हे भौतिकोपचारतज्ज्ञाचे काम’ अशी समजूत डॉक्टरांत रूढ होण्यास तिने वाव दिला.

दरम्यान लंडनमध्ये एक वेगळेच संशोधन प्रसिद्ध झाले. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी वाहतूक व्यवसायातील सुमारे ३१ हजार पुरुषांच्या आरोग्याचा अभ्यास करून १९५३ मध्ये दाखविले की, दिवसभर बसून राहणाऱ्या बसचालकांपेक्षा दुमजली बसच्या जिन्यावरून सतत चढउतार करणाऱ्या वाहकांत हृदयविकाराचे प्रमाण कमी व तीव्रताही कमी असते. वाहक व्यायामशाळेत जात नव्हता. तो आपले काम करीत होता. व्यायामाचा प्रश्न खेळाडूचा वा सैनिकाचा नसून सामान्य माणसाच्या रोजच्या हालचालीचा आहे, हे या शोधाने प्रस्थापित केले. वैद्यकाला व्यायामाची दखल घ्यावयास लावणारे प्रमाण आता त्याच्याच भाषेत, मृत्यूच्या व रोगाच्या आकड्यांत, उपलब्ध झाले.

भारतात या प्रमाणाची निकड जाणवण्यास आणखी काही दशके लागली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या मधुमेहविषयक पाहणीत महाराष्ट्रासह चार प्रदेशांतील १४ हजारांहून अधिक प्रौढांची माहिती घेण्यात आली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार त्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४.४ टक्के लोक, शारीरिकदृष्ट्या निष्क्रिय या वर्गात मोडत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रौढ माणसास आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आवश्यक आहे. म्हणजे उपदेशाचे प्रमाणही आता निश्चित झाले आहे. उरला आहे तो उपदेशक.

८. विद्यार्थ्याची सवय व डॉक्टराचा उपदेश

उपदेशकाविषयीचे संशोधन मुख्यतः गेल्या तीन दशकांतील आहे. अमेरिकेत एरिका फ्रँक व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांचा अभ्यासकाळात पाठपुरावा केला. त्यातून व अन्य देशांतील तत्सम अभ्यासांतून जो निष्कर्ष वारंवार पुढे आला तो असा की, जे विद्यार्थी व डॉक्टर स्वतः नियमाने व्यायाम करतात, ते रुग्णास व्यायामाचा उपदेश करण्यास अधिक महत्त्व देतात व तो अधिक वेळा करतात. या संबंधाचा अर्थ लावताना काळजी घ्यावी लागेल. व्यायामामुळे उपदेश घडतो, की आरोग्याकडे पाहण्याच्या एकाच वृत्तीतून दोन्ही घडतात, हे केवळ सहसंबंधावरून ठरत नाही. तथापि अनुभवातून आलेले ज्ञान उपदेशाला नेमकेपणा देते, हे मान्य करण्यास हरकत नसावी. पहाटे उठण्याचा आळस, पहिल्या आठवड्यातील अंगदुखी, परीक्षेच्या दिवसांत पडलेला खंड व पुन्हा आरंभ करण्याचा संकोच ज्याने अनुभवला आहे, तो रुग्णाच्या अडचणींना सबब म्हणून झिडकारणार नाही.

खानदेशच्या विद्यार्थ्याचा विचार करता आणखी काही गोष्टी ध्यानी घ्याव्या लागतात. धुळे येथील भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८०–९० या दशकात निघेपर्यंत या भागातील तरुणास डॉक्टर होण्यासाठी मुंबई, पुणे, नागपूर वा तत्कालीन औरंगाबाद येथे जावे लागे. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पहिली तुकडी २०१८ मध्ये दाखल झाली. म्हणजे खानदेशचा डॉक्टर खानदेशातच घडावा, ही स्थिती जळगावपुरती तरी अगदी अलीकडची आहे. दुसरीकडे, प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा २०१६ पासून सर्वत्र निर्णायक ठरल्यानंतर विद्यार्थी महाविद्यालयात येतो तोच शिकवणीच्या वर्गांत बसून काढलेल्या दोन-तीन वर्षांनंतर. टिळकांच्या काळी महाविद्यालयात पडणारी व्यायाम व परीक्षा यांतील निवड आता सोळाव्या वर्षीच करावी लागते, आणि ती पालकच करून टाकतात.

अभ्यासक्रमाच्या बाजूने काही आशादायक बदल झाले आहेत. २०१९ मध्ये लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात प्रारंभीच्या पायाभूत वर्गात खेळांसाठी वेळ राखून ठेवण्यात आला, आणि रुग्णाशी संवाद, वृत्ती व नीती यांचे शिक्षण प्रथमच सर्व वर्षांत पद्धतशीर विभागले गेले. त्यानंतर कुटुंब दत्तक कार्यक्रमाने विद्यार्थ्यास ग्रामीण कुटुंबांशी प्रत्यक्ष जोडले. परंतु येथेही जुना दुरावा नव्या रूपाने राहण्याचा संभव आहे. खेळाचे तास एका रकान्यात, संवादाचे दुसऱ्यात आणि कुटुंबभेटी तिसऱ्यात अशी विभागणी राहिली, तर जिमखाना व रुग्णालय यांमधील जुने अंतर वेळापत्रकात कायम होईल.

९. कोणास काय सांगावे

उपदेशाचा खरा कस रुग्णापुढे लागतो. खानदेशात तो भाषेपासूनच लागतो. अहिराणी वा लेवा गणबोली बोलणाऱ्या रुग्णास ‘व्यायाम’ हा शब्द शाळेतला वाटतो, आणि ‘मेहनत’ म्हटले तर त्याचे दोन अर्थ होतात. तालमीत मेहनत म्हणजे जोर-बैठका. शेतात मेहनत म्हणजे पोटासाठी केलेले श्रम. कापूस वेचून वा निंदणी करून आलेल्या स्त्रीस ‘मेहनत करा’ असे सांगणे तिला उपहासासारखे वाटले तर तो दोष तिचा नव्हे. तिच्या कमरेला व गुडघ्यांना विश्रांती, वाकण्याची योग्य रीत व थोडे ताण देणारे प्रकार हवे असतील. दाणाबाजारात गादीवर दिवस काढणाऱ्या व्यापाऱ्यास मात्र रोज अर्धा तास झपाट्याने चालणे हेच औषध ठरेल. मॉरिसने चालक व वाहक यांत जो भेद पाहिला तोच हा भेद. सुश्रुताने निर्धन व धनिक यांत केलेलाही याच जातीचा.

ऋतूचेही तसेच आहे. जळगावच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जातो. अशा दिवसांत केवळ ‘रोज चाला’ हा उपदेश अपुरा आहे. सूर्योदयापूर्वी, पाणी पिऊन, अल्प मात्रेत, हे त्यास जोडले पाहिजे. वाग्भटाने उष्ण ऋतूत मंद व्यायाम सांगितला तो याच कारणाने.

पिंप्राळ्यासारख्या गावाचे रूपांतर या दृष्टीने अभ्यसनीय आहे. शेताच्या बांधावरून चालणाऱ्या पिढीनंतर दुचाकीवरून नोकरीस जाणारी पिढी आली. आहाराच्या सवयी तितक्या लवकर बदलल्या नाहीत. श्रमिकाचा आहार व बैठ्याचा दिवस असे मिश्रण तयार झाले. रथाच्या दिवशी एकदा जोर लावणे ही भक्ती आहे, तो व्यायाम नव्हे. वर्षभर न चाललेल्या मधुमेही प्रौढाने त्या दिवशी पूर्ण शक्ती लावणे हे बलार्धाच्या नियमाविरुद्धच होय. हे त्यास आधी कोणी तरी समजावून सांगावयास हवे, आणि सांगणारा त्याच्या ओळखीचा असेल तर ते अधिक पटेल. कुटुंबभेटीस जाणाऱ्या विद्यार्थ्याला ही संधी आहे. त्याने घरातील प्रत्येकाचा दिवस विचारावा, कोण किती बसतो व किती राबतो हे टिपावे, एकाच व्यक्तीस एकच शक्य गोष्ट सुचवावी आणि पुढील भेटीत तिचे काय झाले हे पाहावे. तोच आराखडा त्याने स्वतःच्या दिवसालाही लावावा. यासाठी नवे यंत्र वा इमारत लागत नाही.

१०. उपसंहार

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. आजच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याची व्यायामाविषयीची उदासीनता व त्याच्या उपदेशाचा त्रोटकपणा हे दोन्ही एका ऐतिहासिक फारकतीचे फळ आहे. तालमीने व्यायाम जपला, पण त्याला रुग्ण मिळाला नाही. वैद्यकशाळेने रुग्ण जपला, पण त्याला व्यायाम मिळाला नाही. राष्ट्रीय चळवळीने डॉक्टरांनाही मैदानावर नेले, पण दवाखान्याला त्याचा लाभ झाला नाही. अमळनेरच्या वर्गातून लोणावळ्याच्या प्रयोगशाळेकडे गेलेल्या एका शिक्षकाने या प्रवाहांना जोडण्याची रीत दाखविली. ती वैद्यकीय महाविद्यालयांच्या दारापाशी येऊन थांबली.

जी गोष्ट इतिहासक्रमात घडली ती इतिहासक्रमात बदलताही येते. खानदेशात आता वैद्यकीय महाविद्यालये आहेत, विद्यापीठ आहे, आणि ज्यांना उपदेशाची गरज आहे असे रुग्ण हाकेच्या अंतरावर आहेत. या भागातील विद्यार्थ्यांच्या सवयी व रुग्णांस प्रत्यक्ष मिळणारा उपदेश यांची नोंद एकत्र ठेवून, पहिल्या वर्षापासून अंतर्वासितेपर्यंत तिच्यात काय फरक पडतो हे पाहणारा अभ्यास पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेण्यासारखा आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनीही जुन्या तालमींची, वस्तादांची व त्यांच्या उपचारांची माहिती हयात असलेल्या वृद्धांकडून वेळीच गोळा करावी. दोन्ही कामे एकमेकांस पूरक ठरतील, आणि त्यांपैकी दुसरे फार काळ थांबू शकणार नाही.